शनिवारचे रेकॉर्डिंग

सानिका कोठावळे मंगळतळावरच्या दवाखान्यात आली ती दुखणं घेऊन नव्हे, तर आपण ठणठणीत आहोत असा दाखला मागायला. पृथ्वीकडे परतणारं यान महिन्याभरात सुटणार होतं. त्यात न बसता आणखी दोन वर्षं इथेच काढायची, तर डॉक्टरांची सही लागायची.

डॉक्टर रुक्साना मुजावर मूळच्या मिरजेच्या. वय साठीच्या पुढे, आणि गोड बोलायची हौस नाही. त्यांनी सानिकाला नीट तपासलं आणि सही न करता हात पुसत बसल्या.

"तब्येत उत्तम आहे. पण राहायचंय कशाला? सहा वर्षं बर्फासाठी जमीन पोखरलीस, पुरे की आता. तिकडे सांगलीत नवरा वाट बघतोय."

"म्हणूनच," सानिका म्हणाली आणि अंगरख्याची बटणं लावायला लागली.

डॉक्टरांनी घाई केली नाही. बावन्न वर्षांची बाई बोलणं असं अर्ध्यावर सोडते तेव्हा काय असतं, हे त्यांना पृथ्वीवरही माहीत होतं.

"शनिवारचं दुखतं मला," शेवटी ती म्हणाली.

शनिवारचं म्हणजे काय, ते तळावर सगळ्यांना ठाऊक होतं. जोडीदार मागे ठेवून आलेल्या प्रत्येकाला एक स्पर्शवस्त्र मिळे, आणि त्याचं जुळं जोडीदाराकडे असे. अंगाला चिकटून बसणारं पातळ वस्त्र, त्यात केसाएवढे हजारो दाबक. सांगलीत पुष्करने हात फिरवला की तो दाब, ती ऊब संदेशात बसून निघे आणि दहा-वीस मिनिटांनी सानिकाच्या अंगावर उतरे. तिच्या शरीराचं उत्तर त्याच वाटेने परत जाई. याला संभाषण म्हणता येणार नाही, पत्रव्यवहार म्हणा. पण नवरा-बायकोत जे काही असतं ते बहुतेक सगळं त्यात होतं, आणि त्या दोघांनी एकही शनिवार चुकवला नव्हता.

"पाळी जाऊन किती झालं?"

"तीनेक वर्षं."

"मग दुखणारच," डॉक्टर म्हणाल्या. "इस्ट्रोजेन कमी झालं की योनीमार्गाची त्वचा पातळ होते, कोरडी पडते, तिथला रक्तपुरवठा घटतो. पूर्वी जे सुखाचं होतं ते टोचायला लागतं. आणि तुझ्या वस्त्रात तर सहा वर्षांपूर्वीची सानिका नोंदवलेली आहे. ते तिच्याच मापाने दाब देतंय. पुष्करला सांगितलंस?"

"काय सांगू? बायको संपली म्हणून?"

"संपलं काही नाही. इच्छा जात नाही बऱ्याच जणींची, ती सावकाश येते, एवढंच. वेळ द्यावा लागतो. कोरडेपणाला मलम आहे, वंगण आहे, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत. तीन वर्षं दात आवळून काढायची गरज नव्हती."

"तीन नाही, दोन. मग मी युक्ती केली." सानिकाने मान खाली घातली. "जुने दहा-बारा चांगले शनिवार यंत्रात होते. माझ्या उत्तराऐवजी तेच आलटून पालटून पाठवते. वस्त्र खुंटीवर, आणि मी भोजनगृहात चहा पीत. तो खूश आहे, डॉक्टर. पण घरी गेल्यावर रेकॉर्डिंग कुठून आणू?"

डॉक्टर हसणार होत्या, पण त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"म्हणजे तुमचे शनिवार अजून चालू आहेत? तुमच्या दोघांच्या वाट्याची संदेशवाहिनी कधीची रिकामी पडून आहे. वस्त्रांची नोंद दवाखान्याकडेच असते; आत काय असतं ते मला दिसत नाही, भार तेवढा दिसतो. मला वाटलं, तुम्ही बंद केलं असेल."

"रिकामी कशी असेल?"

"मध्ये संक्षेपक आहे ना. जे एकदा जाऊन पोचलंय ते तो पुन्हा पाठवत नाही. 'मागचंच' अशी नुसती खूण धाडतो, आणि पलीकडचं यंत्र आपल्याजवळची जुनी प्रत चालवतं. जिवंत माणसाचा हात दोनदा अगदी सारखा फिरत नाही, म्हणून खऱ्या स्पर्शाचा भार मोठा असतो. तुझी जुनी उत्तरं खूण बनून जातात, ते कळलं." त्यांनी पडद्यावरची जुनी नोंद पुन्हा पाहिली. "पण सानिका, तिकडून येतंय तीसुद्धा खूणच आहे."

सानिकाला अर्थ लागायला वेळ लागला.

"कधीपासून?"

"तुझ्या बरंच आधीपासून."

"म्हणजे गेलं वर्षभर..."

"दोन रेकॉर्डिंग एकमेकांशी संसार करतायत."

सानिका तरातरा उठली. "मेला! मला तेच तेच वाटायचं हो. पण पंचवीस वर्षांच्या संसारात तेच तेच वाटतंच की! आणि मी त्याच्यासाठी कळ सोसून पडून राहायचे. मला वाटायचं, माझं अंग आक्रसतंय, याला कळत कसं नाही? पूर्वी घरी नुसता श्वास अडला तरी थांबायचा. कितीदा रडलेय मी त्यावरून." बोलता बोलता ती खाली बसली. "तो तिथे नव्हताच. असता तर थांबला असता."

एवढं म्हणून ती खरोखरच रडली, पण हे रडणं वेगळं होतं.

मग तिने दवाखान्यातूनच संदेश पाठवला. दुखण्यापासून चहापर्यंत सगळं सांगितलं, आणि शेवटी विचारलं, तुझं काय? संदेश जाऊन उत्तर यायला अर्धा तास तरी लागणार होता. डॉक्टरांनी मलमाची नळी काढून ठेवली आणि ते कसं लावायचं ते समजावलं. सानिकाने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिचं लक्ष पडद्याकडे होतं.

पुष्करचा चेहरा आला तो घसा खाकरतच.

"सानू, माझी साखर वाढली. त्याने खालचं सगळं थंडावलंय. जमेना, तेव्हा मीही जुने शनिवार लावायला लागलो. तुझं उत्तर मात्र अंगावर घ्यायचो. आधी तू आक्रसलेली लागायचीस, वाटलं माझी चोरी कळली तुला. आणि गेल्या वर्षी तर तू अशी काही फुललीस, की म्हटलं ही तिकडे तरुण होत चाललीय आणि मी इकडे असा. लाज वाटली. डॉक्टरकडेही गेलो नाही. खरं सांगू? तू मुदत वाढवून घ्यावीस असं मनात यायला लागलं होतं. आता नाही येत. तू ये. तुला दुखतं, मला जमत नाही, मग आहे काय एवढं लाजण्यासारखं? फक्त तुला आता काय आवडतं ते सांग बाई. मला माहीत नाही, आणि मी आजवर विचारलेलंही नाही."

सानिका डोळे पुसत हसत सुटली.

"सांगलीत डॉक्टर आहेत म्हणावं, त्याच्या दुखण्यालाही उपाय आहेत," रुक्साना मुजावर म्हणाल्या. "आणि तुझ्या त्या दाखल्याचं काय करू?"

"राहू द्या. यानात माझी जागा धरा."

डॉक्टर बाहेर गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. सानिकाने ध्वनिमुद्रण सुरू केलं. आपल्याला काय आवडतं, हे तिलाही नीट ठाऊक नव्हतं. बोलता बोलता कळेल, असं तिला वाटलं.

"ऐक पुष्कर," ती म्हणाली. "पहिली गोष्ट, आधी हात गरम करून घेत जा."