गाळलेली तीन पदकं

दवाखान्यात माणसांना सांध्यांवरून ओळखायची पद्धत होती. मानेच्या मावशी, गुडघ्याचे सर आणि त्या महिन्यात नव्यानं आलेले खुब्याचे काका. तिला स्वतःला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. ती डॉक्टर नव्हती, फिजिओथेरपिस्ट होती. हे सांगून सांगून ती दमली आणि शेवटी तिनं नाद सोडला. एवढी एक चूक सोडली तर चुकीची गोष्ट दुरुस्त केल्याशिवाय तिला चैन पडत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं दिसलं तरी ती पेशंटचा पाय तसाच हवेत ठेवून उठायची.

खुब्याच्या काकांचा व्यायाम कमी आणि गप्पा जास्त. पाय उचला म्हटलं की ते सैन्यातली एखादी गोष्ट काढत आणि ती संपेपर्यंत पाय पलंगावरच. एकदा तिनं सहज सांगितलं की आपले वडीलही सैन्यात होते, वायरलेसवर. पलटणीचा आकडा ऐकल्याबरोबर काका ताडकन उठून बसले. नव्या खुब्याला ते अजिबात चालणारं नव्हतं.

"डावखुरा? सारखी शिट्टी वाजवायचा तो?"

तोच, ती म्हणाली. काकांना कोण आनंद झाला. डोंगरावरच्या ठाण्यात लढाईच्या हिवाळ्यात दोघं एकाच तंबूत झोपायचे. या वायरलेसवाल्याच्या शिट्टीनं कंपनीतल्या सगळ्यांचं डोकं उठायचं. पुढे काकांची बदली झाली आणि मग गाठ पडली नाही. त्या हिवाळ्याची तीन पदकं त्याला मिळाली होती, असं काका म्हणाले. एक बर्फातल्या ठाण्याचं, एक जखमीचं आणि एक पुलावरच्या कामगिरीचं शौर्यपदक. शेवटचं दिलं तेव्हा काकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

तिला हे नवीनच होतं. बाबांच्या पदकांची पट्टी दरवर्षी माजी सैनिकांच्या मेळाव्याआधी तीच घासूनपुसून लखलखीत करायची. पट्टीवर पदकं तीनच आणि तिन्ही अशी, की नीट नोकरी केलेल्या कुणालाही मिळावीत. संध्याकाळी तिनं विषय काढला. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून घड्याळाचा पट्टा पुसत होते.

"तो हिवाळा मी रजेवर होतो," ते म्हणाले. "माझ्या जागी दुसरा गेला."

"लग्नाची रजा," आई आतून म्हणाली. "काय थंडी होती! माझे दात वाजत होते. फोटोत सगळ्यांना वाटतं, मी हसतेय."

तो फोटो दिवाणखान्यात टांगलेलाच होता. लोकरीच्या शालीत गुरफटलेली आई, दात दिसतायत, आणि शेजारी बाबा. तरीही मुलीच्या मनातून काकांचं बोलणं जाईना. बाबांचं हल्ली विसरणं वाढलं होतं. परवाच चष्मा फ्रीजमध्ये सापडला होता. शिवाय स्वतःबद्दल बोलायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. विसरले तरी असतील, नाहीतर लाजत तरी असतील, असं तिनं ठरवून टाकलं. त्यांच्या सेवेच्या नोंदीत तीन पदकं गाळली गेली असतील तर ती भरून यायला हवीत आणि तीही बाबा असेपर्यंत. माणूस गेल्यावर फोटोला पदक लावण्यात काय अर्थ आहे? तिला ती पट्टी बाबांच्या कोटावर बघायची होती.

सैनिकी नोंदींचं कार्यालय जुन्या दगडी इमारतीत तळमजल्यावर होतं. तिथल्या दुरुस्ती विभागातल्या बाई अगदी मृदू बोलत. टेबलावर एकच फाइल, एकच पेन आणि पाण्याचा तांब्या. दोन साथीदारांचे जबाब असले की पुरे, त्या म्हणाल्या. काकांनी स्वतःचा जबाब दिलाच, शिवाय फोन करकरून आणखी एकाला शोधून काढलं. त्यालाही शिट्टी आठवत होती. तीन पदकं तीन शाखांकडे असल्यामुळे आदेश एकेक करून निघतील, असं बाईंनी समजावून सांगितलं.

"आणि दुरुस्ती आजपासून धरत नाहीत हं," त्या म्हणाल्या. "मूळ तारखेपासून धरतात. म्हणजे चूक कधी झालीच नव्हती, असं."

तिला हे फारच पटलं. काम असं चोख असावं.

पहिला आदेश बर्फातल्या ठाण्याचा आला. बाबांनी तो वाचला, घडी घातली आणि "बरं," एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात ती नेहमीसारखी त्यांच्या पावलांना तेल लावून बोटांचे व्यायाम करून घेत होती. डाव्या पायाच्या करंगळीवर तिचा अंगठा गेला आणि तिथं करंगळी नव्हती. जागा गुळगुळीत, जुनी, कडेला कातडी पांढरट झालेली. ही पावलं ती कित्येक वर्षं हाताळत होती. त्यांतलं हाड न् हाड तिला पाठ होतं.

"बाबा, हे कधी झालं?"

"बर्फात गेलं ते. तुला माहीत नाही?" बाबा म्हणाले आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. बूट कसा कापून काढावा लागला, तंबूत कुणी रॉकेलचा दिवा धरला, काका शेजारी बसून कसे नको तितके विनोद करत होते. त्यांचा आवाज खणखणीत होता. इतकं सलग ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते.

ती उठून दाराशी गेली आणि तिनं त्यांची जुनी चप्पल उचलली. आतल्या चामड्यावर बोटांचे खळगे पडले होते. डाव्या चपलेत चार. करंगळीच्या जागी चामडं नव्यासारखं सपाट.

आईला विचारलं, तर आईनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. लग्नात बोट नव्हतंच की, ती म्हणाली. मुलीनं फोटोकडे बोट दाखवलं. लग्न तर थंडीत झालं, म्हणजे बाबा त्या हिवाळ्यात इथंच होते.

"थंडीत? काहीतरीच तुझं. मे महिन्यात झालं. थंडीत हे डोंगरावर होते ना!"

फोटोत आईच्या अंगावर शाल नव्हती. कपाळावरची पावडर घामानं ओघळली होती. दात मात्र तसेच दिसत होते.

त्या रात्री तिला झोप आली नाही. ती शिकलेली बाई होती. स्मरणशक्ती कशी दगा देते हे पेशंटना रोज समजावून सांगत होती. आपलंच काहीतरी चुकत असणार, असं तिनं स्वतःला बजावलं आणि बाबांच्या पायांना होतील अशा नव्या चपला आणल्या. पण भीती वाटत होती, हे खरं. कुणाला सांगावी अशी ती भीती नव्हती.

दुसरा आदेश जखमीच्या पदकाचा. तो आला त्या सकाळी बाबा उजव्या हातानं जेवले. ती बघत राहिली. जेवण झाल्यावर तिनं त्यांना सदरा काढायला लावला. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली वळकटीसारखा जाड व्रण होता, मूठभर. हात खांद्याच्या वर जाईना. गेल्याच आठवड्यात तो कानाला लागत होता. स्नायू असे वाळले होते, की ते व्हायला अर्धं आयुष्य लागावं. ती रोज हेच काम करायची, तिला नवा व्रण आणि जुना व्रण कळत होता.

"दुखतं का?"

"थंडीत दुखतं," बाबा म्हणाले. "तू नेहमी शेकून देतेस की."

मग बाबांनी पुढची गोष्ट सांगितली. ठाण्यावरून माघार घेताना मधे एक पूल होता, लाकडी. सगळे पलीकडे गेले होते. वायरलेसचा संच पाठीवर घेऊन ते अलीकडे थांबले होते, कारण पलीकडून संदेश जात नव्हता. खांदा फुटलेला, एका हातानं बटण दाबत होते.

"मग?"

बाबा विचारात पडले. ते आपल्या तळहाताकडे बघत राहिले.

"पुढचं आठवत नाही," ते म्हणाले. "अजून आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी खुब्याचे काका आले तेव्हा तिनं त्यांना पाय उचलायला सांगितलंच नाही. पलंगाशेजारी स्टूल ओढून ती बसली. शौर्यपदक दिलं तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या, असं तुम्ही म्हणाला होतात. मग पदक घ्यायला बाबा पुढे कसे गेले? चालत की कुणाचा आधार घेऊन?

"त्याला कसं घेता येईल?" काका म्हणाले. "साहेबांनी घेतलं. त्याच्या वतीनं."

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही त्याची मुलगी ना?"

ती हो म्हणाली. काकांनी मान हलवली आणि नजर छताकडे वळवली. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, आज पाय किती वेळा उचलायचा.

ती तशीच उठली. रांगेतल्या मानेच्या मावशी काहीतरी म्हणाल्या, ते तिला ऐकू आलं नाही. रिक्षात बसून तिनं घरी फोन लावला. बाबांनीच घेतला. खिडकीत बसलोय, ते म्हणाले, ऊन छान पडलंय. त्यांच्या आवाजानं तिला रडूच आलं. कुठे जाऊ नका, ती म्हणाली. मी कुठे जाणार, बाबा म्हणाले.

दुरुस्तीच्या बाईंनी तिला बसायला सांगितलं. तिला बसायचं नव्हतं. तिसरा अर्ज मागे घ्यायचाय, ती म्हणाली, साक्षीदारांची चूक झाली, तो दुसराच माणूस होता, माझे वडील रजेवर होते.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आदेश सकाळीच निघाला," त्या म्हणाल्या. "पदकंही पट्टीवर शिवायला मागच्या गल्लीतल्या शिंप्याकडे गेली. तिथं मिळतील."

"मग पुन्हा दुरुस्त करा."

"करता येतं ना. अर्ज ज्याचा त्यानं करायचा. नाहीतर वारसानं." त्यांनी फाइल उघडून पाहिली. "इथं वारस नाही कुणी."

"मी आहे. मी मुलगी."

बाईंनी मान वर करून पाहिलं. त्यांची नजर जराशी चुकली. तिच्या खांद्यामागच्या दाराकडे गेली आणि मग परत आली.

शिंप्याचं दुकान एका खोलीएवढं होतं. भिंतीभर रंगीत फितींची रिळं आणि तोंडात सुई धरून बसलेला म्हातारा. तिनं वायरलेस म्हटलं, पलटणीचा आकडा सांगितला. त्यानं वरच्या फळीवरून पट्टी काढली. सहा पदकं, ओळीनं. फितींवर धूळ बसली होती. त्यानं फुंकर मारली.

"बरीच वर्षं पडून आहे," तो म्हणाला. "न्यायला कुणी आलंच नाही."

त्यानं पट्टी उलटी करून पिन दाखवली. ही उजव्या छातीवर लावायची, बाई. डावीकडे ज्याचं त्यानं लावायचं. मागे राहिलेल्यांनी उजवीकडे.

"ते घरी आहेत," ती म्हणाली. "डावीकडची करून द्या."

शिंपी दुकानाच्या दारातून बाहेर रस्त्याकडे बघत होता, गिऱ्हाईक येतंय का ते.

ती पट्टी मुठीत धरून पळत निघाली. घरचा फोन लागेना. जिना चढताना तिला धाप लागली नाही, हे नंतर तिच्या लक्षात आलं.

दार आईनं उघडलं. केस आखूड, नाकावर चष्मा, अंगात तिनं कधी न पाहिलेलं करड्या लोकरीचं जाकीट. मागे दिवाणखाना दिसत होता. खिडकीजवळ शिवणयंत्र होतं. भिंतीवर फोटो नव्हता.

"कोण पाहिजे?"

"आई, बाबा कुठे आहेत?"

आई ओशाळून हसली. अनोळखी माणसाला वाईट वाटू नये म्हणून हसावं, तशी.

"घर चुकलात तुम्ही. इथं मी एकटीच असते." मग तिचं लक्ष पट्टीकडे गेलं. "सैन्यातलं का कुणी तुमचं? माझंही ठरलं होतं एका सैनिकाशी. रजेवर येणार होता तो. ऐन वेळी रजा नाकारली."

मुलीनं चौकटीला हात टेकला.

"चेहरा केवढा उतरलाय तुमचा. थांबा, पाणी आणते."

आई आत गेली. भांड्याचा आवाज आला, नळाचा आवाज आला. मुलगी दारातच उभी राहिली, जराही हलली नाही.

आई ग्लास घेऊन परत आली. उंबऱ्याशी थांबली. जिन्याकडे पाहिलं, मग वाकून खालच्या वळणापर्यंत पाहिलं. तिचा श्वास मुलीच्या गालाला लागत होता.

"गेल्या वाटतं," आई स्वतःशीच म्हणाली. ग्लासातलं पाणी तिनं तिथंच उभ्या उभ्या पिऊन टाकलं आणि दार लावून घेतलं.