शालनचा मुराळी

लाईट गेली तर गेली, बोंबलू नका. मखर काय रात्रीत पळून जात नाही. बसा इथंच. आणि रणजीत, ती बॅटरी माझ्या तोंडावर मारणं बंद कर, आधीच मला कमी दिसतं.

भुताची गोष्ट पाहिजे? मी भूतबीत मानत नाही. पण बाबासोला मानतो. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मी तोलाईला होतो तेव्हा हा तिथं माथाडी. पाटणकडचा. पाठीवर गोणी घेऊन पण गप्पा मारत चालायचा. खोटं रचायला जी अक्कल लागते ना, ती देवानं त्याला दिलीच नव्हती. म्हणून सांगतो.

तीन वर्षं झाली, शहाण्णव साल. नागपंचमीच्या आदली रात्र. बाबासो कामाला निघालेला, म्हणजे शालन म्हणून गावची पोरगी होती, तिला आणायला. तुम्ही नेरूळची फ्लॅटातली पोरं, तुम्हाला मुराळी ठाऊक नसणार. लग्न झालेली लेक पंचमीला माहेरी येते, पण एकटी येत नाही. तिचा भाऊ तिला आणायला जातो. तो मुराळी. पोरगी महिनाभर आधीपासून त्याची वाट बघते. आदल्या दिवशी, चतुर्थीला, भावाचा उपास धरते आणि हातावर मेंदी लावते.

शालनला सख्खा भाऊ नव्हता. आई गेलेली, बाप मारोतीनाना मोतीबिंदूनं अर्धा आंधळा. दोन वर्षांआधी मुंबईचं स्थळ आलं. हुंडा नको, खर्च आमचा, मुलगा कंपनीत आहे म्हणाले. सारा गाव खूश. लग्नात बाबासोनंच वाढप केलं. मुलाचं घर बघायला मात्र कुणी आलं नाही. एवढी चांगली माणसं, त्यांच्यावर संशय कसा घ्यायचा, असं प्रत्येकाला वाटलं.

मग त्या वर्षी चैत्रात एका सकाळी ही पोरगी मार्केटात येऊन उभी राहिली. गावकीच्या खोलीच्या दारात. एकाच गावची माणसं एका खोलीत राहतात, तिथं. वाळून चिपाड झालेली. पदर तोंडावर, सारखी खोकत होती. म्हणाली, मला गावाला न्या. का गं, काय झालं? तर मान खाली. तिथं चांगलं नाही, एवढंच म्हणे. अरे, खोली पुरुषांनी भरलेली. त्यातले निम्मे नात्यानं काका. काय सांगणार होती ती त्यांच्यासमोर?

त्या खोलीतलं एकही माणूस वाईट नव्हतं, हे लक्षात ठेवा. त्यांनी तिला चहा दिला. आणि समजावलं. सासरी सगळीकडं असंच असतं, नवऱ्याचं घर सोडून एकटी माहेरी गेलीस तर नानाला लोक काय म्हणतील? बाबासो सगळ्यांत मोठा. तो म्हणाला, पंचमीला मी स्वतः मुराळी होऊन येतो, तोवर कळ काढ. आणि तिला परत पोचवायला निघाला. पावणे एमआयडीसीच्या कारखान्यांच्या मागं, ट्रक उभे राहतात त्या अंगाला एक गल्ली होती. तो पुढं, ती मागं, वळणं सांगत आणि वाटभर खोकत. दारात एक जाडजूड बाई होती. मी हिची सासू म्हणाली, बाबासोला बसवून सरबत दिलं. निघताना शालननं एवढंच विचारलं.

"नक्की येशील ना, दादा?"

"शब्द दिला," बाबासो म्हणाला.

आता तो शब्द पाळायला निघालेला. बापानं एस्टीच्या ड्रायव्हरबरोबर हिरव्या बांगड्या आणि इरकली लुगडं धाडलं होतं. बाबासोनं वाशीतून लाडू घेतले. सगळं एका कापडी पिशवीत. पोरीला घ्यायचं, हायवेवर साताऱ्याची गाडी धरायची, सकाळी नानाच्या दारात उभी करायची. खुशीत होता गडी.

गल्लीत गेला तर दाराला कुलूप. शेजारच्या पडवीत मालतीबाई म्हणून एक म्हातारी भांडी घासत होती. त्या घरात ती स्वैपाकाला असायची. बाबासोनं विचारलं, शालनच्या सासरची माणसं कुठं गेली?

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं. मग हात धुतले. म्हणाली, कसलं सासर, बाबा?

सगळं सांगितलं तिनं. तो नवरा नव्हताच. आणून विकून गेला. घरात अशा आणखी पोरी होत्या, कुणी कर्नाटकातली, कुणी नेपाळची. ट्रकवाले यायचे. जेठात पोलिसांची धाड पडली, पोरींना सोडवलं, म्हणजे एका घरातून काढून दुसऱ्या घरात कोंडलं. त्यांच्या गावांना कळवलं तर कुणी न्यायला येईना. शालन मात्र गावाचं नावच सांगेना. बापाला कळलं तर जीव देईल म्हणायची. मग दवाखाना. त्या वॉर्डात नर्सबाया लांबूनच ताट सरकवायच्या. छातीचा आजार होता, आणि तो दुसरा, ज्याचं नाव कुणी घेत नाही, तोही. डॉक्टर म्हणाले, निदान छातीचं तरी औषधानं बरं झालं असतं. चैत्रात आणायला पाहिजे होती.

चैत्रात.

बाबासो तिथंच उकिडवा बसला.

म्हातारी पुढं म्हणाली, पंचमीला दादा येणार, तोवर राहते, असं सारखं बोलायची. पंचमी तर लांब होती. पण मेंदीचा हट्ट धरला. मी वाटून नेली थोडी. उजव्या हातालाच पुरली. ती सुकायच्या आत गेली पोरगी. मी नात्याची नाही, मला नेऊ देईनात. बेवारस म्हणून कुठं नेलं, देव जाणे.

बाबासोनं विचारलं, ती बाई? सुटली, म्हणाली. रबाळ्याकडं नवीन जागा घेतली म्हणतात.

आता अस्मिता विचारेल, पोलिसात गेला का? गेला की. नंतर खूप खेटे घातले. नवऱ्याचं नाव खोटं, पत्ता खोटा. लग्नाचा एक फोटो होता, त्यात त्याच्या तोंडावर मुंडावळ्या. साहेब म्हणाले, याच्यात ओळखू काय? मीही गेलो होतो एकदा त्याच्याबरोबर. बाकड्यावर बसून आलो. काही करता आलं नाही, पोरांनो. काहीच नाही.

पण ती रात्र.

बाबासो उठला. पिशवी उचलली. गावाला तर जायलाच पाहिजे होतं, नाना दारात उभा राहणार होता. कारखान्यांच्या भिंतीकडेच्या रस्त्यानं निघाला. केमिकलचा वास, मध्येच एखादा दिवा. रडत चाललेला. पिशवी एका हातात, तीही जड लागायला लागली.

आणि मागं कुणीतरी खोकलं.

त्याला वाटलं, वॉचमन असेल. चालत राहिला.

पुन्हा खोकला...

तो खोकला त्याच्या ओळखीचा होता. चैत्रात वाटभर ऐकलेला. तो थांबला. खोकलाही थांबला. चालायला लागला... तर मागं अनवाणी पावलं. तेवढ्याच अंतरावर. मुराळी पुढं, लेक मागं. गावाकडं चालतात तशी.

तो म्हणतो, आप्पा, मला वळून बघायचं धाडस झालं नाही. बघितलं असतं आणि ती नसती तर?

"शालन?"

चैत्रात त्यांनी नुसता चहा दिला होता. जेवलीस का, हे कुणी विचारलंच नव्हतं. ते त्याला आत्ता आठवलं.

"काय खाल्लंस का गं, बाई?"

अगदी मागून, खोल आवाज...

"आज भावाचा उपास हाय, दादा."

आणि तेवढ्यात... पिशवी हलकी झाली. पिशवीला दोन बंद असतात ना? एक त्याच्या हातात होता. दुसरा लोंबत होता. तो... ताठ झाला. दुसऱ्या कुणीतरी धरल्यासारखा.

त्यानं खाली बघितलं नाही.

हायवेपर्यंत बघितलं नाही.

गाडीत त्यानं पिशवी खिडकीशी ठेवली आणि शेजारी बसला. गाडीत माणसं उभी होती. पण ती जागा रात्रभर कुणी मागितली नाही.

फटफटलं तेव्हा गावात उतरला. अजून नीट दिसत नव्हतं. मारोतीनाना दारात उभाच. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. लेक आली की ओवाळून टाकतात तो. बाबासोनं वाटभर शब्द जुळवलेले. ती आजारी आहे म्हणू का? सासरच्यांनी सोडली नाही म्हणू?

नानानं तांब्या खाली ठेवला. चाचपडत पुढं आला, आणि त्याच्या हातातली पिशवी घ्यायला म्हणून दुसरा बंद धरला. धरला आणि थबकला. बोटं एकमेकांवर चोळली. नाकाशी नेली.

बाबासोनं तेव्हा पहिल्यांदा तिकडं बघितलं. पांढऱ्या बंदावर चार बोटं उमटलेली. बारीक, पोरीच्या हाताची.

म्हातारा त्याच्या खांद्यावरून मागच्या वाटेकडं बघत होता. चेहऱ्यावर हसू.

"मेंदी वली हाय की रं अजून," तो म्हणाला. "पोरगी कुटं मागं राहिली?"