मधल्या ओळी

पावसात नखशिखांत भिजलेला एक उंच मुलगा शेडच्या दारात उभा राहिला आणि त्याने विचारलं, “पेशंट कुठाय?”

जॅनीन वूलीला क्षणभर वाटलं, चुकून डॉक्टरच आला. मग त्याच्या हातातली हत्यारांची पेटी दिसली आणि तिने मुकाट्याने प्रिंटरकडे बोट दाखवलं.

ही गोष्ट पंच्याऐंशी सालची. ह्यूऑनच्या खोऱ्यातल्या त्या शेडमध्ये आता कुणीतरी कॉफी विकतं, आणि होबार्ट शहरातून येणारी माणसं जुन्या फळ्यांचे फोटो काढतात. तेव्हा मात्र मार्च लागला की गावातल्या निम्म्या बायका तिथे सफरचंदं भरायला असायच्या. पत्र्यावर पाऊस, प्रतवारीच्या यंत्राचा खडखडाट, त्यावर बायकांच्या गप्पा, आणि सगळ्यावर पसरलेला तो गोड, थंडगार वास... जॅनीनला तो वास अजूनही कधीकधी उगाचच येतो.

शेडचा मालक मर्व्ह. त्याने त्या वर्षी हौसेने कॉम्प्युटर घेतला, खोक्यांवरची लेबलं छापायला. कॉम्प्युटर ऑफिसच्या काचेआड, आणि लेबलं हवीत शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे खोकी बंद होतात. मधली वायर पुरेना. आता खोऱ्यात काहीही तुटलं की कुंपणाच्या तारेने जोडायचं, हा तिथला धर्म. फाटक, ट्रकचा सायलेन्सर, मर्व्हच्या भावाचा चष्मासुद्धा तारेवरच होता. मर्व्हने वायर मधोमध कापली, तारेचे लांबलचक तुकडे जोडले आणि वरून कलमं बांधायची पट्टी गुंडाळली. छान झालं, म्हणाला. त्या दिवसापासून लेबलांवर सफरचंदाच्या नावाऐवजी फुल्या, चांदण्या आणि प्रश्नचिन्हं यायला लागली.

होबार्टच्या कॉम्प्युटरवाल्यांनी पाठवलेल्या त्या मुलाने, विम होकस्ट्राने, ती पट्टी सोडवली आणि तो जमिनीवर बसून हसतच सुटला.

“हे कलम कुणी केलं?”

“मालकांनी,” जॅनीन हळूच म्हणाली. “फळ धरलं नाही.”

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

“हे बघ,” तो सांगायला लागला, “एका अक्षराचे आठ तुकडे होतात. ह्या पॅरलल वायरीत ते आठही शेजारी-शेजारी धावतात आणि एकदम पोचावे लागतात. जवळच्या जवळ ठीक आहे. इतक्या लांब पळवलं की कुणी पुढे, कुणी मागे... झाला अक्षराचा चुथडा.”

“मग?”

“मग एकामागे एक सोडायचे. त्याला सीरियल म्हणतात. हळू जातात, पण लांबवर जातात, आणि रांग मोडत नाहीत.”

“मेंढ्यांसारखे.”

“अगदी! मी आठवडाभर गिऱ्हाइकांना समजावतोय, हे मला का नाही सुचलं?”

विम बोलायला लागला की थांबायचा नाही. आईवडील हॉलंडहून बोटीने कसे आले, होबार्टमधली त्याची खोली किती गळते, सगळं एका दमात. जॅनीन उलट. तिच्याकडून शब्द काढायला पक्कड लागते, असं तिची आईच म्हणायची. त्याने खिशातून हॉलंडची काळी गोळी काढून तिला दिली. तिने तोंडात टाकली आणि तिचे डोळेच पांढरे झाले. गोळी खारट होती!

“आवडली?”

“नाही.”

“मग थुंकली का नाहीस?”

“तू... बघत होतास ना.”

नवी वायर घालून तो गेला. लेबलं झकास यायला लागली. पण मोठी ऑर्डर आली आणि पुन्हा गडबड झाली. सुरुवातीची लेबलं चोख, शेवटची चोख, मधली गायब! मर्व्हने फोन फिरवला.

“मुद्दाम अर्धवट ठेवलं असणार मेल्याने,” म्हातारी मेव्हिस सफरचंद कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाली. “पोरी, तू आज केस का धुतलेस गं?”

“पाऊस होता म्हणून.”

“हो का! पावसाने शांपूही लावला वाटतं.”

बायका खिदळल्या. जॅनीनचे कान तापले. खरं सांगायचं तर तिला तो आवडला होता. फार आवडला होता. आणि तिला हेही कळत होतं की यंत्र एकदा सुरळीत चाललं की विम होकस्ट्रा ह्या शेडमध्ये परत यायचा नाही. होबार्ट काही चंद्रावर नव्हतं, पण कामाशिवाय कोण कशाला तासभर घाट उतरून येईल? रात्री तिच्या मनात आलं होतं, एखादी वायर हळूच ओढून ठेवावी. पण बायकांना खोक्यामागे पैसे मिळत, आणि धक्क्यावर सफरचंदं न्यायला बोट उभी होती. असलं काही तिच्या हातून झालं नसतं.

विम आला तो ओशाळलेला.

“चूक माझीच. प्रिंटर ठोकत ठोकत छापतो, कॉम्प्युटर भराभर ओततो. प्रिंटरचं पोट भरलं की ‘जरा थांब’ म्हणायला त्याला एक वेगळी वायर लागते. नाहीतर वरचं सगळं सांडतं.”

“मग ती वायर?”

“जोडायची राहिली.”

“कशी राहिली?”

“तू... समोर चहा घेऊन उभी होतीस.”

विमने वायरीला कथलाचा डाग दिला, पण डाग देताना नजर वायरीवर नव्हती. मग तो ऑफिसात गेला. “मोठा मजकूर पाठवतो. नीट आला तर अंगठा दाखव!”

ती प्रिंटरपाशी उभी राहिली. मध्ये अख्खी शेड, यंत्राची धडधड, पत्र्यावर पाऊस. काचेआड तो खाली मान घालून टाइप करत होता, किती वेळ... आणि मग प्रिंटर कुरकुरायला लागला.

*जॅनीन, हा कागद मर्व्हला दाखवू नकोस. मला मेलबर्नला नोकरी मिळाली आहे. पगार दुप्पट आहे. पुढच्या महिन्यात जायचं ठरवलं आहे*

खाली आणखी थोडं होतं. *चहाबद्दल आभार. विम.*

एवढंच सांगायचं होतं, तर तोंडाने सांगता आलं असतं की! काचेआडून तो तिच्याकडेच पाहत होता, श्वास रोखल्यासारखा. तिने ओठ घट्ट मिटले आणि अंगठा वर केला.

त्याचा चेहरा उतरला. हळूहळू त्याने हत्यारं पेटीत भरायला घेतली.

हे काय? जाणाऱ्या माणसाचा चेहरा असा का पडावा? जॅनीनने कागद पुन्हा पाहिला. “ठरवलं आहे” नंतर एक शब्द अर्धाच तुटला होता, आणि आभाराच्या आधी कुठल्यातरी वाक्याची नुसती शेपटी लोंबत होती. मधल्या ओळी आल्याच नव्हत्या! एवढा वेळ टाइप केलं ते सगळं वाटेत सांडलं होतं.

आणि प्रिंटरकडून उलट काही विचारायची सोय नव्हती. त्याला फक्त छापता येत होतं. उत्तर हवं तर चालत जायला हवं, त्या सगळ्या बायकांच्या समोरून.

ती चालायला लागली. मेव्हिसने मान वळवली, मग शेजारणीने, मग सगळ्यांनीच. कुणीतरी यंत्राचा खटका बंद केला. ऑफिसच्या दारात जॅनीनने कागद पुढे धरला.

“मधलं आलंच नाही.”

“काय?”

“मधल्या ओळी गळल्या. काय लिहिलं होतंस?”

विमने कागदाकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं. “ते... पुन्हा टाइप करतो ना.”

“नको. तोंडाने सांग.”

“सगळे ऐकतायत गं.”

“ऐकू देत.”

“लिहिलं होतं की... मेलबर्नला जायचं ठरवलं आहे, पण जावंसं वाटत नाही. ह्या आठवड्यात मी कामं सोडून नुसता तुझाच विचार करतोय. मला तू आवडतेस. तू थांब म्हणालीस, तर मी त्यांना आजच नाही कळवतो. आणि तुझ्या मनात तसं काही नसेल, तर नुसता अंगठा दाखव, मी समजून जाईन.”

“आणि मी दाखवला,” जॅनीन पुटपुटली.

“हो ना. लगेच.”

तिला हसू आलं, रडूही आलं. “नको जाऊ,” ती म्हणाली.

पत्र्यावर पाऊस इतका कोसळत होता की त्याला ऐकूच गेलं नाही. तो कान पुढे करून वाकला. मग आयुष्यात पहिल्यांदा जॅनीन वूलीने एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली, तीही अख्ख्या शेडला ऐकू जाईल अशी.