सतरा मिनिटांचा साक्षीदार

कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये चहाच्या रांगेत पुढे उभा असलेला माणूस मागे वळला आणि तिचं डोकंच उठलं. हाच तो विरुद्ध पक्षाचा साक्षीदार, इंजिनिअर! तीन आठवड्यांपूर्वी, तिच्या पहिल्यावहिल्या उलटतपासणीत, याने तिची भर कोर्टात शोभा केली होती. भिंतीला तडे नव्हते, एवढं तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. तिथे गप्प बसायचं, तर हिने विचारलं, "मग इमारत धोकादायक कशावरून?" त्यावर हा गृहस्थ सतरा मिनिटं बोलला. काल निकाल लागला, दावा गेला. तिच्या सीनियर बाईंनी शांतपणे सांगितलं, "गुरुवारी लिफ्टच्या खटल्यात एक शेवटची संधी देते. तिथेही घोळ घातलास, तर आयुष्यभर नोटिसा टाइप करत बस."

"वकीलबाई, रागावणार नसाल तर एक सांगू?" तो म्हणाला. "तुम्ही मला पाडलं होतं. तडे नाहीत म्हटल्यावर बसला असतात, तर माझी सुटका नव्हती."

हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

"तो दावा आता संपलाय. नऊ खटल्यांत साक्ष दिली आहे मी," तो चहाचा कप तिच्यापुढे सरकवत म्हणाला. "सरावाला कोणी हवं असेल तर... मी आहे."

नाही म्हणायचं तिने अगदी ठरवलं होतं. पण गुरुवार पाच दिवसांवर होता. बाईंची परवानगी काढून तिने त्याला संध्याकाळी ऑफिसच्या मागच्या खोलीत बोलावलं, आणि जुन्या फायलींच्या खोक्यांमध्ये एका खुर्चीवर तो लिफ्टवाल्या इमारतीचा व्यवस्थापक होऊन बसला.

त्या चार संध्याकाळी त्याने तिच्या नाकी नऊ आणले.

"लिफ्टची देखभाल तुमच्याकडे आहे?"

"देखभाल म्हणजे नेमकं काय म्हणायचंय तुम्हाला?"

"हो की नाही, एवढंच सांगा!"

"तुम्ही चिडलात की साक्षीदार जिंकला," तो शांतपणे म्हणायचा. "एका प्रश्नात एकच गोष्ट. उत्तर आधी माहीत असलेली. आणि हवं ते मिळालं की बसायचं."

बसणं तिला जमत नव्हतं. शेवटचा टोला हाणल्याशिवाय तिचा जीव शांत होत नसे. घरी आईचंही हेच गाऱ्हाणं होतं. आणि हा माणूस! विचारल्याशिवाय स्वतःबद्दल एक अक्षर बोलत नव्हता. खिडकीतून पावसाची झड आत आली की न सांगता उठून तिचे कागद सरकवायचा, तिच्याकडे क्षणभर पाहायचा... आणि पुन्हा व्यवस्थापक होऊन बसायचा. याचं काय करायचं माणसाने?

गुरुवारी ती उलटतपासणीला उभी राहिली. लिफ्ट पडून हात मोडलेला तिचा शिंपी अशील मागे बसला होता.

"दहा तारखेला लिफ्ट तपासली, अशी मेकॅनिकची सही नोंदवहीत आहे?"

"आहे," खरा व्यवस्थापक म्हणाला.

"मेकॅनिकचं हजेरीपत्रक तुम्हीच ठेवता?"

"हो."

"त्यात दहा तारखेला तो रजेवर आहे?"

व्यवस्थापकाने घाम पुसला. "...हो."

मग सही कुणी केली? प्रश्न अगदी जिभेवर आला. तिने ओठ घट्ट मिटले आणि ती बसली. बाईंनी वर न पाहता तिच्यापुढे पुढच्या खटल्याची फाइल सरकवली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तो उभा होता, भिजलेली छत्री हातात धरून.

"आज तुमची इथे साक्ष नाही," ती म्हणाली.

"नाही."

"तुमचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. सुट्टी टाकून आलात."

"हो."

विचारल्याशिवाय हा बोलणार नाही, आणि पुढच्या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत नव्हतं. असे तर दोघं संध्याकाळपर्यंत उभे राहिले असते. तिला त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त.

"जाऊ दे," ती म्हणाली. "मीच साक्ष देते. तुम्ही माझं डोकं खाता. मला तुमचा वैताग येतो. काल निघताना तुम्ही 'झाला सराव' म्हणालात तेव्हा मला रडू येत होतं. मला तुम्ही आवडता. घ्या, करा उलटतपासणी."

त्याचे कान लाल झाले. छत्रीचं पाणी त्याच्या बुटांवर ठिबकत होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

"उलटतपासणी नाही," तो हळूच म्हणाला.

समोरच्याने उलटतपासणी सोडून दिली की कोर्ट ते म्हणणं मान्य धरतं. एवढा कायदा तिला येत होता.

"अहो, पण तुमच्या तोंडून निदान एक वाक्य तरी—"

"मलाही," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. ती सतरा मिनिटं मी तुमच्याकडेच बघून बोलत होतो."