एकावर थांबायचं

दुपारी अडीच ते चार मी काजं करते. शिंप्याकडून शर्ट येतात, काजं-बटणं झाली की परत जातात. आतल्या खोलीत आई असते. अर्धं अंग गेल्यापासून तिला उठता येत नाही. काही हवं असलं की ती पेल्यावर चमचा वाजवते, दिवसातून चाळीसदा तरी.

मागच्या महिन्यात मी तो चमचा तिच्या हातातून हिसकावला आणि तिच्याच मनगटावर मारला. सांगतानाही मान खाली जाते.

तिला व्यायाम द्यायला येणाऱ्या बाईंनी तो वळ पाहिला. जाताना म्हणाल्या, "गोळ्याबिळ्या नकोत तुम्हाला. डोळे मिटायचे, शंभरापासून उलटे श्वास मोजायचे. डोकं शांत होतं. फक्त एकावर थांबायचं आणि उठायचं."

पहिल्याच दिवशी मी थांबले नाही. एकानंतर शून्य आलं, आणि त्याच्याही पलीकडे इतकं हलकं वाटत होतं की परतावंसं वाटेना. डोळे उघडले तेव्हा चार वाजून गेले होते.

धावत आत गेले. चादर ओली असणार, आई रडून थकली असणार. पण चादर बदललेली होती. आईची वेणी घातलेली होती. गाऊनचं तुटलेलं बटणसुद्धा लावलेलं होतं. बटणाखाली दोरा मी नेहमी उजवीकडून गुंडाळते, हा डावीकडून होता.

"कोण आलं होतं?"

"कोण म्हणजे? तूच की." आई हसली. "आज वसकन अंगावर आली नाहीस. बरं वाटलं."

बाहेरच्या दाराला आतून कडी होती.

तंद्रीत माणूस काहीही करतो, अशी मी समजूत घातली आणि रोज बसू लागले. खरं सांगायचं तर सोयीचंच होतं. मी सुखात आणि आईही सुखात. तिचे गाल भरू लागले.

परवा मात्र लाज वाटून मी मोजायला बसले नाही. स्वतः सूप घेऊन आत गेले. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली, घोट गिळेना.

"आज मोजायचं राहिलं का गं?" ती चाचरत म्हणाली. "बस ना जरा. म्हणजे ती येईल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मनगटावरचा वळ कधीच गेला होता, तरी तिने तो हात पांघरुणाखाली घेतला.

काल बसले.

डोळे उघडले तेव्हा मांडीवर शर्ट तसाच होता. चमचा वाजत नव्हता. पडद्याआड आई खळखळून हसत होती.

"हळू," माझाच आवाज म्हणाला. "ती उठली वाटतं."

हसू थांबलं.

"नको गं," आई कुजबुजली. "तिला आत येऊ देऊ नकोस."

पावलं पडद्यापर्यंत आली. मग तो आवाज अगदी मायेने मोजू लागला. शंभर. नव्व्याण्णव.

मला उठता आलं असतं. मी डोळे मिटून घेतले.