यंत्र म्हणतं, आजी जहाजावर आहेत

चार वाजून दहा मिनिटं झाली तरी आजी आल्या नाहीत, तेव्हा सतत प्रश्न विचारते म्हणून घरी जिला चौकशी म्हणत, त्या मुलीने सरबताचा पेला खाली ठेवला आणि काहीतरी बिनसलंय असं जाहीर केलं.

आजी काही ह्या मुलांच्या सख्ख्या नव्हत्या. शेजारच्या केबिनमधल्या. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या, आणि मोठ्या जहाजावरची ही त्यांची सातवी सफर. आत्याबरोबर सुट्टीला आलेली ही तीन मुलं पहिल्याच दिवशी बोळांमध्ये वाट चुकून भांडत होती, तेव्हा आजींनी त्यांना गालिच्यावरचे मासे दाखवले. माशांची तोंडं जिकडे, तिकडे जहाजाचं नाक. तेव्हापासून रोज जहाजाच्या घड्याळाप्रमाणे चार वाजता वरच्या डेकवर त्या एक युक्ती सांगत. मळमळलं तर जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर जायचं. पहिल्या दिवशी बॅगा केबिनमध्ये उशिरा पोचतात, म्हणून पोहण्याचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवायचे. आणि जमिनीवर उतरलो तरी घड्याळ जहाजाचंच पाळायचं, कारण जहाज बंदरावरच्या घड्याळासाठी थांबत नाही.

अशी बाई दहा मिनिटं उशीर करेल?

"झोपल्या असतील," वकील म्हणाला. हा चौकशीचा चुलतभाऊ, वय वर्षं अकरा. कुठल्याही गोष्टीची दुसरी बाजू मांडल्याशिवाय त्याला घास गिळत नसे.

"आजी दुपारी झोपत नाहीत. दुपारी झोपलं की रात्री छत मोजत बसावं लागतं म्हणतात," त्याची धाकटी बहीण चिंगळी म्हणाली.

तिघं आजींच्या केबिनपाशी गेली. मुठीवर 'त्रास देऊ नका'ची पाटी लटकत होती. पण चौकशीची नजर दारावर होती. जहाजाची दारं लोखंडी, त्यांना चुंबक चिकटतं. आजींनी कोटाच्या एका मोठ्या बटणामागे चुंबक बसवलं होतं. स्वतः आत असल्या की बटण दाराच्या वरच्या बाजूला, डेकवर कुठे असल्या की मध्ये, आणि जमिनीवर गेल्या की अगदी खाली. घरच्यांना शोधाशोध नको म्हणून. घरच्यांनी मात्र त्या बटणाकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

बटण अगदी खाली होतं.

"बदलायचं विसरल्या असतील," वकील म्हणाला खरा, पण त्याचा आवाज पडला होता.

दार वाजवलं, उत्तर नाही. केबिन आवरणारे दादा म्हणाले, पाटी असताना दार उघडायची त्यांना परवानगी नाही. शिवाय ती पाटी सकाळपासूनच तिथे आहे, पलंगावर आजींनी शिवणकाम पसरून ठेवलंय म्हणून.

आज सकाळपासून जहाज एका परक्या बंदरात थांबलं होतं. पाच वाजता जहाज सुटणार होतं. आजी मागे राहिल्या, तर अनोळखी गावात, अनोळखी भाषेत. पासपोर्ट केबिनच्या कपाटात आणि संध्याकाळची छातीची गोळी उशाशी.

आजींचे पुतणे पोहण्याच्या तलावाकाठी तोंडावर टोपी टाकून पहुडले होते. बायको, दोन मुलं आणि काकू, म्हणजे आजी, अशा चौघांना घेऊन ते सकाळी बाजारात गेले होते आणि साडेतीनला परतले होते. चौकशीने काळजी सांगितली, तर त्यांनी टोपी जरा वर केली. काकू बसमध्ये बायकोजवळ मागे बसल्या होत्या, येऊन झोपल्या असतील, आणि मुलांनी जाऊन खेळावं, असं ते म्हणाले. बायको शेजारच्याच खुर्चीवर होती. ती उठून बसली.

"माझ्याजवळ कुठे? मला वाटलं, पुढे तुमच्याजवळ बसल्यात."

पुतण्यांनी हात झटकला. जहाजात शिरायच्या शिडीवरच्या यंत्रात पाचही जणांची कार्डं, म्हणजे केबिनची किल्ली आणि जहाजावरची ओळख, वाजली होती, म्हणजे पाचही माणसं आली, एवढा साधा हिशेब.

तेव्हा वकील पुढे सरकला.

"काका, आजींचं कार्ड कोणाकडे असतं?"

"माझ्याकडे. सगळ्यांची माझ्याकडेच. काकू कुठेतरी ठेवतात आणि विसरतात." त्यांनी गळ्यातलं पाकीट थोपटलं.

"आत्ता आहे?"

"हे काय!" त्यांनी कार्ड काढून नाचवलं.

"मग आजींच्या केबिनचं दार उघडलं कशाने? दुसऱ्या कुठल्या कार्डाने ते उघडत नाही. म्हणजे त्या आत असतील, तर भिंतीतून गेल्या असतील."

पुतणे ताडकन उठले. काखेत कळसा म्हणतात तो हाच. फक्त वळसा घालायचा राहिला होता. टोपी तलावात पडली, ती उचलायलाही ते थांबले नाहीत. एका चपलेनिशी जिना उतरू लागले आणि मुलं त्यांच्या पुढे.

शिडी उचलायची तयारी चालली होती. तिथल्या अधिकाऱ्याने पडद्यावर पाहिलं. तीन एकतीसला आजींचं कार्ड आत. यंत्र म्हणतंय, आजी जहाजावर आहेत, आणि हे यंत्र आजवर चुकलेलं नाही. पुतणे हात जोडायला लागले, बायको रडायला लागली, अधिकारी दोघांना शांत करायला लागला. घड्याळाचा काटा कोणाला शांत करता येईना.

चौकशीने वाद घातलाच नाही. ती म्हणाली, "यंत्र बरोबर आहे. कार्ड आलंच. तुमच्या कॅमेऱ्यात माणसं किती आली तेवढं बघता का?"

अधिकारी पडद्याकडे वळला. मग त्याने चित्र मागे नेलं. तीन एकतीस. तेव्हा येऊन गेलेली पावसाची सर, छत्र्या, चाळीस माणसांची ढकलाढकली. पुतणे यंत्रावर एकामागून एक पाच कार्डं टेकवताहेत, पहारेकरी चेहरे न बघताच पुढे व्हा म्हणून हात हलवतोय.

"एक, दोन, तीन, चार," चिंगळीने बोट ठेवून मोजलं. "पाचवं कुणीच नाही."

अधिकाऱ्याचा चेहरा उतरला. चार वाजता बंदराच्या फाटकावरून त्याला फोन आला होता. एक म्हातारी बाई कार्ड नाही म्हणते, पण तुमच्या जहाजाची आहे म्हणते. त्याने नाव यंत्रात पाहून कळवलं होतं, की त्या बाई तर केव्हाच जहाजावर आहेत, ही दुसरीच कुणीतरी असावी.

त्याने कप्तानांना फोन लावला. पाचला बारा कमी असताना एक गाडी फाटकाकडे सुटली. तिघं कठड्याला चिकटून उभी राहिली. वकील पहिल्यांदाच दुसरी बाजू मांडत नव्हता.

आजी फाटकापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. घरच्यांची बस चुकली, तरी तिच्या मागच्याच बसने त्या वेळेत पोचल्या होत्या. समोर पहारेकरी बनियनवर उभा, आणि त्याच्या सदऱ्याचा उसवलेला खिसा आजींच्या हातात. आत सोडत नाहीस तर नको सोडू, पण असा खिसा लोंबत ठेवून उभा राहू नकोस, असं त्यांनी त्याला खुणांनी समजावलं होतं. गाडी आली तेव्हा त्यांनी चालकाला सांगितलं म्हणे, की दोन टाके राहिलेत, थांब.

जहाज सात मिनिटं उशिरा सुटलं. कप्तान स्वतः शिडीपाशी आले. त्यांनी आजींची माफी मागितली, तिन्ही मुलांशी हात मिळवले आणि अधिकाऱ्यासमोर म्हणाले, की उद्यापासून प्रत्येक चेहरा बघायचा आणि कसा बघायचा ते ह्या तिघांना विचारायचं. आत्याला कौतुक करायचं होतं, पण तिला आधी सगळं पहिल्यापासून ऐकायचं होतं.

आजींनी आधी गोळी घेतली. मग मुलांना जवळ ओढलं.

"तासभर मी यंत्राला दिसत होते," त्या म्हणाल्या, "आणि ह्या पोरांना दिसत नव्हते. म्हणून आले हो परत."

पुतणे मान खाली घालून उभे होते. काकू, पिशवी द्या, मी धरतो, असं ते पुटपुटले. आजींनी पिशवी दिली. मग हात पुढे करून त्यांच्या पाकिटातून आपलं कार्ड काढून घेतलं आणि चालू लागल्या.