टेकडीला दिलेला हुकूम

आमच्या विमानतळावर रडार नवं नवं आलं, तेव्हा आम्ही अगदी हुरळून गेलो होतो. छतावरची मोठी जाळी गरगर फिरत रेडिओच्या लहरी फेकायची. त्या लहरी विमानावर आपटून परत आल्या, की खोलीतल्या गोल पडद्यावर ठिपका उजळायचा. ठिपक्याशेजारी विमानाच्या नावाची चकती सरकवत नेणं, हे माझं काम. ठिपके सगळे सारखेच. म्हणून आमचे वरिष्ठ, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, माइकवरून वैमानिकाला वळायला सांगत. जो ठिपका वळेल तो त्याचा. एका जागी उभ्या वस्तू यंत्र आपोआप पुसून टाकायचं. इमारती, पाण्याची टाकी, पलीकडची टेकडी, काही दिसायचं नाही. हलेल तेच दिसेल.

त्या सकाळी दाट धुकं होतं. उतरायला आलेल्या विमानात माझी धाकटी बहीण होती.

"चकती नीट सरकव हं," मास्तर हसले, "नाहीतर बहिणीला भलत्याच गावी उतरवशील."

तेवढ्यात पडद्यावर टेकडीच्या जागी डाग उमटला.

"यंत्र बिघडलं?" मी विचारलं.

"बिघडलं असतं तर सगळंच दिसलं असतं. ही टेकडी एकटीच कशी?"

जाळीच्या पुढच्या फेरीला डाग सरकलेला होता. विमानाच्या दिशेने.

मास्तरांनी विमान डावीकडे वळवलं. ठिपका वळला. डागही वळला.

मग उजवीकडे. डागही उजवीकडे.

"मास्तर, ती तुमचं ऐकतेय!"

"गप रे."

"मग तिलाच सांगा ना! बहीण आहे हो माझी!"

मी एक कोरी चकती डागाशेजारी ठेवली. मास्तरांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"टेकडी, तुम्ही उत्तरेला जा. पुढचा हुकूम मिळेपर्यंत तिथेच घिरट्या घाला."

डाग नाहीसा झाला. म्हणजे ती थांबली होती.

मग तो पुन्हा उमटला. उत्तरेकडे निघालेला!

मी टाळ्याच पिटल्या. मास्तरांनी मला घट्ट मिठी मारली. विमान सुखरूप उतरलं, आणि बहीण धापा टाकत आमच्या खोलीत आली.

धुकं विरलं. खिडकीतून टेकडी दिसली, नेहमीच्याच जागी. पडद्यावर मात्र डाग उत्तरेला गोल गोल फिरत होता.

"दादा," बहीण खिडकीशी जाऊन म्हणाली, "वारा तर पडलाय. मग टेकडीवरची झाडं अशी का झुकलीत?"

मी पाहिलं. सगळी झाडं डावीकडे झुकली होती.

मग पडद्यावरचा डाग वळला, आणि हळूहळू, सगळी एकदम, ती उजवीकडे झुकली.